भाडेकरूचा रात्रीचा फोन आणि घरमालकाची पहिली दहा मिनिटं

2016 च्या जुलैमधली गोष्ट. रात्री पावणेबाराला वारज्याच्या फ्लॅटमधल्या मुलाचा फोन आला. "काकू, बेसिनखालचा पाइप तुटलाय, पाणी थांबतच नाहीये." मी विचारलं, "कॉक बंद केलास का?" तो म्हणाला, "अँगल कॉकच भिंतीतून तुटून हातात आलाय. मेन कॉक कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. आमचे हे गेल्यानंतर दोन वर्षं मी तीन फ्लॅटची भाडी घेत होते, पण एकाही फ्लॅटचा पाण्याचा मेन कॉक कुठे आहे हे मला सांगता आलं नसतं. तो कॉक टेरेसवर होता. टेरेसला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन मागच्या गेटला. किल्ली मिळाली तेव्हा वर अकरा कॉक एका ओळीत, सगळे सारखे, एकावरही नाव नाही. मुलं मोबाइलच्या उजेडात, पावसात भिजत एकेक कॉक फिरवत होती आणि खाली एक जण ओरडून सांगत होता, "नाही, अजून चालूच आहे." पाणी थांबायला सव्वा तास लागला. तोवर खालच्या फ्लॅटचं पीओपी फुगून पडलं आणि त्यांच्या कपाटातल्या साड्यांवर चुन्याचं पाणी गेलं. अँगल कॉक काही शे रुपयांचा. खालच्यांचं नुकसान मी भरून दिलं ते अडतीस हजार.

त्या रात्रीनंतर मी जे शिकले ते लिहितेय. माझा अनुभव पुण्यातल्या सोसायट्यांमधल्या फ्लॅटचा आहे, तुमचं वाड्यातलं किंवा बैठं घर असेल तर थोडा फरक पडेल.

किल्ली देण्याच्या दिवशी

तातडीच्या दुरुस्तीचं निम्मं काम भाडेकरू राहायला येतो त्याच दिवशी होतं. मी किल्ली देताना अर्धा तास जास्तीचा ठेवते आणि घरातल्या एका तरी माणसाला हाताने कॉक फिरवायला लावते. नुसतं "तो बघा तिथे आहे" म्हणून चालत नाही. रात्री घाबरलेल्या माणसाला दाखवलेलं आठवत नाही, हाताने केलेलं आठवतं. शिवाय कॉक वर्षानुवर्षं फिरवला नाही की जाम होतो, आणि तो जाम आहे हे नेमकं पाणी वाहत असताना कळतं. माझ्या तिन्ही घरांचे जुने चाकाचे व्हॉल्व्ह काढून मी दांडीचे बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतले. दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. लहान मूलसुद्धा सांगू शकतं.

टेरेसवरच्या माझ्या कॉकवर लाल ऑइलपेंटने फ्लॅट नंबर लिहिलाय. एकेका फ्लॅटला दोन-तीन लाइन असतात, एक स्वयंपाकघराची, एक बाथरूमची, कधी फ्लशची वेगळी. कोणती कुठे जाते हे प्लंबरला सोबत घेऊन, खाली नळ उघडा ठेवून एकदा तपासावं लागतं. दुपारभर काम आहे, पण ते एकदाच.

विजेच्या बोर्डातही तसंच. प्रत्येक एमसीबीखाली, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचखाली, चिकटपट्टी: गीझर, एसी, किचन, हॉल. ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवून घ्या, 30 मिलीअँपिअरचा. शॉक लागल्यावर माणूस वाचतो तो त्याच्यामुळे. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवणं हे त्याचं काम नाही. हा फरक मला फार उशिरा कळला.

आणि स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यावर कॉक कुठे, टेरेसची किल्ली कोणाकडे, वॉचमनचा, सेक्रेटरींचा, प्लंबरचा, वायरमनचा आणि माझा नंबर. त्याखाली सिलिंडरच्या गळतीसाठी 1906, लाइट गेल्याच्या तक्रारीसाठी महावितरणचा 1912 आणि कुठल्याही आणीबाणीसाठी 112. फोनमध्ये सगळं असतंच, पण फोनची बॅटरी संपलेली असताना पाइप फुटणार नाही असं नाही.

फोन आल्यावर

पहिलं वाक्य कसं निघतं त्याला फार महत्त्व आहे. "असं कसं झालं?", "तुम्ही काय केलंत?" हे प्रश्न त्या वेळी विचारायचे नाहीत. भाडेकरू आधीच घाबरलेला असतो, डिपॉझिटमधून पैसे कापले जातील या काळजीत असतो. दोष लागेल असं वाटलं की माणूस अर्धी माहिती लपवतो आणि तुम्ही चुकीच्या कारागिराला पाठवता. मी विचारते ते एवढंच: पाणी, वीज, गॅस की दार? अजून चालू आहे का? घरात आत्ता कोण कोण आहे? तान्हं मूल किंवा आजी-आजोबा असतील तर माझं सगळं गणित बदलतं. मग म्हणते, "अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, मी फोन ठेवत नाही."

पाणी असेल तर आधी कॉक. पण फरशीवर पाणी साचलं असेल आणि त्यात एक्स्टेंशन बोर्ड, फ्रिजची वायर असं काही असेल तर पाण्यात पाय ठेवण्याआधी मेन स्विच खाली. बोर्डावरच पाणी ओघळत असेल तर त्याला हात लावायचा नाही, तळमजल्यावरच्या मीटर रूममधून बंद करायचं. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला सांगा. मेन बंद झालं तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत राहतात, हे बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही.

कॉक बंद झाला की मी लगेच खालच्या फ्लॅटमध्ये फोन करते. त्यांच्या छतातून थेंब पडून त्यांचा फोन मला येण्याआधी माझा त्यांना गेला पाहिजे. "वरून पाणी येण्याची शक्यता आहे, पलंग आणि टीव्ही जरा बाजूला घ्या, त्या खोलीतला पंखा-दिवा बंद ठेवा." या एका फोनमुळे नुकसानही कमी होतं आणि पुढची भांडणंही टळतात.

लाइट गेले म्हणून फोन आला तर आधी जिन्यातला दिवा आणि शेजाऱ्यांकडचे लाइट बघायला सांगते. सगळीकडेच अंधार असेल तर ते काम सोसायटीचं किंवा महावितरणचं. फक्त आपल्याच घरात असेल तर फोनवरच करून घेता येतं: सगळे एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत या. ज्याला हात लावल्यावर पुन्हा ट्रिप होईल तो खाली ठेवा, बाकीचं घर चालू करा. बहुतेक वेळा तो गीझर किंवा वॉशिंग मशीन निघतो आणि रात्र निभते. पण जळका वास आला, बोर्ड गरम लागला किंवा एकही एमसीबी वर नसताना ईएलसीबी पडत राहिला तर पुन्हा पुन्हा वर करून बघायचं नाही. मेन खाली ठेवून वायरमनची वाट बघायची.

गॅसचा वास येतोय म्हटलं की मी फोनवर बोलत बसत नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, एकाही बटणाला हात नाही, चालू पंखासुद्धा बंद करायचा नाही, कारण बटण दाबतानाच ठिणगी पडते. सगळ्यांनी बाहेर, आणि पुढचा फोन बाहेरून. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीलगत साचतो, म्हणून बाल्कनीचं दार उघडणं खिडकीपेक्षा जास्त कामाचं. पाइपगॅस असेल तर कंपनीचा इमर्जन्सी नंबर बिलावर छापलेला असतो, तो कपाटाच्या कागदावर उतरवून ठेवा.

साध्या आवाजातली तक्रार

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. भाडेकरूच्या आवाजावरून निकड ठरवू नका.

कर्वेनगरच्या वन बीएचकेमध्ये एक जोडपं होतं, त्यांची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. भाड्याचे पैसे पाठवल्याचा मेसेज आला, त्याच्या शेवटी एक ओळ होती: "काकू, सवडीने एकदा बाथरूमचा नळ बघायला कोणीतरी पाठवा, अंघोळीच्या वेळी हाताला थोड्या झिणझिण्या येतात." सवडीने! मी लगेच फोन केला. गीझरचं बटण बंद, एमसीबी खाली, बाथरूममध्ये कोणी जायचं नाही, बाळाची अंघोळ आज स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवून. तासाभरात वायरमनला घेऊन मी तिथे पोहोचले.

त्यांनी गीझरचा प्लग काढला, 16 अँपिअरच्या सॉकेटचे दोन स्क्रू सोडले आणि ते पुढे ओढून मला दाखवलं. हिरवी वायर मागे सुटून लोंबत होती, तिचं टोक काळं पडलेलं. म्हणजे अर्थिंग नव्हतंच. गीझर उघडल्यावर आतला कॉइल क्षाराने पांढरा झालेला आणि एका जागी फाटलेला. फाटलेल्या कॉइलमधून पाण्यात करंट उतरत होता आणि अर्थिंग नसल्यामुळे तो नळापर्यंत येत होता. त्या घरात ईएलसीबी अजून बसवलेला नव्हता, तिन्ही घरांपैकी तेवढंच एक माझ्याकडून राहिलं होतं. तो त्याच दिवशी बसला. त्या मुलीची निळी प्लास्टिकची बादली नळाखाली तशीच होती, ती मला अजून दिसते.

म्हणून काही शब्द कानावर पडले की मी हातातलं काम टाकते, सांगणारा कितीही शांतपणे सांगो: झिणझिण्या, चटका, जळका वास, बटणाजवळ ओल, छताच्या दिव्यातून थेंब, गॅस गीझर लावला की डोकं दुखतं. हे शेवटचं नीट समजून घ्या. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये नीट हवा नसताना जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं आणि माणूस दार आतून बंद असताना पडतो. गळतीचा वास येतो म्हणून लोक तिला घाबरतात, याला घाबरत नाहीत. मी माझ्या घरांतून गॅस गीझर काढून टाकले, आणि भाडेकरूने स्वतःचा आणला तरी बाथरूमच्या आत लावायचा नाही असं करारात लिहिते.

उलट एसी थंड करत नाही, नळ ठिबकतोय, कपाटाची बिजागरी निखळली, यासाठी रात्री कोणाला उठवायचं कारण नाही. पण "उद्या बघते" म्हणायचं तर उद्या कधी, किती वाजता, कोण येणार हे सांगायचं. घरात एकच संडास असेल आणि तो तुंबला असेल तर ती तातडीच. दोन असतील तर सकाळपर्यंत थांबता येतं. नळाला पाणीच नाही असा फोन आला तर आधी वॉचमनला विचारा वरच्या टाकीत पाणी आहे का. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात तेव्हा असे फोन हमखास येतात.

निरोप लिहून पाठवा

फोनवर बोलणं झालं की मी दोन ओळी व्हॉट्सअॅपवर टाकते. उदाहरणार्थ: "11.50 ला फोन मिळाला. कॉक बंद झाला आहे. प्लंबर साडेबारापर्यंत येतील, त्यांचं नाव आणि फोटो खाली देतेय. तोवर बाथरूम वापरू नका. उशीर झाला तर मी कळवेन." वेळ पाळता आली नाही तर ती चुकण्याआधी कळवायचं. लोक दुरुस्तीच्या उशिराने तेवढे चिडत नाहीत जेवढे काहीच न कळल्याने चिडतात.

घरात मुली एकट्या राहत असतील तर रात्री कारागीर पाठवताना आधी त्यांना विचारते, आत्ता पाठवू की सकाळी? आत्ता हवा असेल तर मी स्वतः जाते किंवा वॉचमनना काम संपेपर्यंत दारात उभं राहायला सांगते. माझी स्वतःची मुलगी बंगळुरात भाड्याच्या घरात राहते. तिचा घरमालक असं विचारतो का, हे मला माहीत असतं.

जादा किल्ली मी ठेवते, पण पाकिटात सीलबंद, चिकटवलेल्या जागेवर भाडेकरूची सही. त्यांच्या होकाराशिवाय ते पाकीट उघडत नाही. घर माझं असलं तरी राहतं घर त्यांचं आहे. भाडेकरू गावाला गेलेले असताना पाणी वाहायला लागलं तर व्हिडिओ कॉल चालू ठेवून, सेक्रेटरींना सोबत घेऊन उघडते.

कारागीर रात्री का येतो

मला बऱ्याच जणी विचारतात, तुमचा प्लंबर रात्री फोन कसा उचलतो? साधं आहे. त्याचे पैसे मी काम झाल्या झाल्या, तो जिना उतरायच्या आत पाठवते. रात्रीच्या फेरीचे वरचे तीनशे न मागता देते. बिलावर घासाघीस करायची असेल तर ती दिवसा, मोठ्या कामाच्या वेळी. आणि वर्षभराची छोटी कामंही त्यालाच देते. फक्त अडचणीच्या वेळी आठवण काढली तर तोही आपल्याला अडचणीच्याच वेळी भेटणार. दोन प्लंबर, दोन वायरमन ओळखीचे हवेत, कारण गणपतीत आणि दिवाळीत एक तरी गावाला गेलेला असतोच.

दुरुस्तीच्या वेळी मी जुना सुटा भाग टाकू देत नाही. फोटो काढते आणि वहीत लिहिते: तारीख, फ्लॅट, काय झालं, कोणी केलं, किती लागले. त्या वहीने एकदा मला दाखवलं की एकाच फ्लॅटचा फ्लश वर्षात तीनदा दुरुस्त झालाय. चौथ्या वेळी टाकीच बदलली.

पैसे कोणाचे

हा विषय दुसऱ्या दिवशी, चहा घेऊन. नियम करारात आधीच लिहिलेले असले की बोलणं पाच मिनिटांत संपतं. माझ्या करारात असं आहे: भिंतीतले पाइप, वायरिंग, गीझर, गळती, वापराने झिजलेलं सगळं माझ्याकडे. बल्ब, वॉशर, जाळीत केस अडकून तुंबलेली मोरी भाडेकरूकडे. तोडफोड ज्याने केली त्याच्याकडे. आणि एक कलम मी हट्टाने घालते: तातडी असेल आणि माझा फोन लागला नाही तर दोन हजारांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूने न विचारता करून घ्यावी, बिल आणि जुन्या भागाचा फोटो पाठवावा, पुढच्या भाड्यातून वजा करावे. आजवर कोणी याचा गैरफायदा घेतला नाही. तुम्ही परदेशात किंवा दुसऱ्या गावात राहत असाल तर हे कलम हवंच, आणि जवळ राहणारा एक नातेवाईक हवा, ज्याला खर्चाचा निर्णय घेता येतो.

बाहेरची सामाईक पाइपलाइन, ड्रेनेजची लाइन, टेरेसची गळती ही सोसायटीची जबाबदारी. माझ्या बाथरूममधून खाली जाणारं पाणी माझं. नक्की कुठून येतंय हे कळेपर्यंत भांडत बसण्यापेक्षा थांबवता येईल ते थांबवायचं आणि सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा.

कायदाही माहीत असलेला बरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आपल्यातल्या बहुतेकांचे करार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारे असतात, तिथे करारातल्या शब्दांना वजन जास्त, म्हणून ते नीट लिहा आणि करार नोंदवा. भाडं थकलं म्हणून किंवा भांडण झालं म्हणून पाणी-वीज तोडणं, किंवा दुरुस्ती मुद्दाम अडवून धरणं हे मात्र कधीही करू नका. अशा अत्यावश्यक सेवा तोडायला याच कायद्याचं कलम 29 मनाई करतं, आणि कायदा नसता तरी ते वाईटच.

पावसातली गळती

जूनच्या शेवटी भिंतीला ओल येते आणि भाडेकरू म्हणतात, काकू, वॉटरप्रूफिंग करून द्या. खरं काय ते तेव्हाच सांगते. ओल्या भिंतीवर, चालू पावसात केलेलं काम टिकत नाही. पाऊस संपून भिंत वाळली की, दिवाळीनंतर, पक्कं काम. तोवर वरून ताडपत्री, आउटलेटमधला पाला काढणं, पलंग त्या भिंतीपासून हलवणं. ओल बटणांच्या बोर्डापर्यंत पोहोचली असेल तर मात्र त्या बोर्डाची लाइन वायरमनकडून त्याच दिवशी तोडून घेते आणि दिव्याची दुसरीकडून सोय करून देते. तीन महिने एक भिंत सोसावी लागणार असेल तर मी भाड्यात तेवढ्या महिन्यांपुरती थोडी सूट देते. मागायची वेळ येऊ देत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी प्लंबर आणि वायरमन दोघांना घेऊन तिन्ही घरी फेरी मारते, भाडेकरूंना चार दिवस आधी विचारून. टेरेसवरचे कॉक एकदा बंद-चालू, बेसिनखालचे अँगल कॉक, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, सॉकेटमधली हिरवी वायर, आणि ईएलसीबीचं टेस्टचं बटण. ते बटण दाबल्यावर सगळं घर बंद पडायला हवं. पडलं नाही तर तो त्याच दिवशी बदला. यंदा वारज्याच्या नव्या मुलांपैकी एकाने मी पोहोचायच्या आतच टेरेसवर जाऊन आमचा कॉक बंद करून ठेवला होता आणि खालून विचारत होता, "काकू, नळ उघडून बघू का?"